मांडवी, १९१४

महाराष्ट्र हे नाव किती तऱ्हांनी लिहिता येतं हे बघायचं असेल तर जैवविविधतेच्या एखाद्या मोठ्या डेटाबेसला विचारावं. कुठे सरळ ‘महाराष्ट्र’, कुठे स्वरांवर आडव्या रेघा दिलेलं रोमन लिपीतलं, कुठे ‘बॉम्बे’, कुठे ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’, तर कुठे राज्याच्या रकान्यात थेट ‘खानदेश’. यातलं चूक म्हणावं असं फारसं काही नाही. १८८० च्या सुमारास गोळी घालून पाडलेल्या पक्ष्याच्या पायाला जी चिठ्ठी बांधली, तिच्यावर महाराष्ट्र कसं येणार? राज्य व्हायला अजून ऐंशी वर्षं होती. पण आपण स्क्रिप्टमध्ये ‘स्टेट प्रॉव्हिन्स = महाराष्ट्र’ असा फिल्टर लावून मोकळे होतो. उत्तर येतं, आकडा बरा दिसतो, आणि खानदेशातला तो जुना पक्षी त्यात नसतो. कोड बिघडला तर निदान लाल अक्षरं तरी दिसतात. फील्डची, म्हणजे रकान्यातली, व्हॅल्यू निसटली तर काहीच दिसत नाही.

पगारासाठी मी डेटाबेसमधल्या ज्या टेबलांवर काम करते त्यांत ग्राहक असतात, पत्ते असतात, थकलेले हप्ते असतात. रात्री जेवणं आटोपल्यावरची टेबलं पक्ष्यांची. हा नाद आजोळाकडून आला. आई शहाद्याची. सातपुड्याच्या पायथ्याचं हे तालुक्याचं गाव पुण्यामुंबईच्या लोकांना पपईमुळे आणि केळ्यांमुळे माहीत असतं, पण पक्षी बघणाऱ्या जगातल्या माणसांना ते एका वेगळ्याच कारणासाठी पाठ आहे. त्या कारणाकडे येतेच, पण आधी हा डेटाबेस नेमका काय प्रकार आहे ते सांगते.

ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी, म्हणजे जीबीआयएफ, २००१ मध्ये सुरू झाली. कचेरी कोपनहेगनला. संग्रहालयांतले पेंढा भरलेले पक्षी, हर्बेरियममधल्या वाळवलेल्या फांद्या, ई-बर्डवर लोकांनी टाकलेल्या याद्या, आयनॅचरलिस्टवरचे फोटो, सगळ्यांच्या नोंदी तिथे एका साच्यात येऊन पडतात. त्या साच्याचं नाव डार्विन कोअर. २००९ मध्ये तो प्रमाण म्हणून मान्य झाला. कोणी पाहिलं, कधी, कुठे, कशावरून, ओळख कोणी पटवली, नमुना कुठल्या कपाटात आहे, अशी दोनशेच्या आसपास फील्ड्स त्यात आहेत. सगळी भरलेली नोंद मी तरी अजून पाहिलेली नाही.

या फील्ड्सच्या दोन जाती आहेत आणि कोड लिहायला बसण्याआधी त्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिल्या जातीत ठरलेली यादी असते. ‘बेसिस ऑफ रेकॉर्ड’ घ्या. नोंद कशाच्या आधारावर, याची उत्तरं मोजकी: जतन केलेला नमुना, जीवाश्म, जिवंत नमुना, माणसाने केलेलं निरीक्षण, यंत्राने टिपलेलं निरीक्षण, आणखी दोनचार. यादी एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमने डेटाबेसशी बोलायच्या खिडकीला, विचारली की मिळते आणि तिच्याबाहेरचं काही येत नाही. दुसऱ्या जातीत मोकळं रान. ‘लोकॅलिटी’, ‘रेकॉर्डेड बाय’, ‘स्टेट प्रॉव्हिन्स’. इथे ज्याने जे लिहिलं ते. एकच माणूस कुठे आद्याक्षर आधी, कुठे आडनाव आधी, कुठे ‘मिस्टर’ लावून, कुठे नुसता आडनावाने भेटतो.

मोकळ्या रानात शिरायची माझी पद्धत साधी आहे: आधी नोंदी मागायच्याच नाहीत. पायथनमधून शोधाची विनंती पाठवताना लिमिट शून्य ठेवायची आणि फॅसेट म्हणून हव्या त्या फील्डचं नाव द्यायचं. मग एपीआय म्हणते, या फील्डमध्ये या या व्हॅल्यू आहेत आणि प्रत्येकीच्या इतक्या इतक्या नोंदी. भाजी घेण्याआधी सगळा बाजार एकदा फिरून यावं, तसं. फक्त फॅसेटची मर्यादा वाढवून द्यायला विसरू नये. आपण होऊन ती पहिल्या दहाच व्हॅल्यू देते, आणि आपल्याला हवी असलेली व्हॅल्यू बहुतेक वेळा त्या दहांच्या खाली कुठेतरी एकदोन नोंदी घेऊन बसलेली असते. जुना डेटा नेहमी शेपटात असतो.

नावाचंही आधी बघून घ्यावं लागतं. शास्त्रीय नाव दिलं की जीबीआयएफ त्याची एक ‘की’, म्हणजे ओळख क्रमांक, देते आणि सोबत सांगते की नाव तंतोतंत जुळलं, अंदाजाने जुळलं, की वरच्या पायरीवर जाऊन जुळलं. हे शेवटचं भलतंच महागात पडतं. प्रजातीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं आणि अंदाजानेही जुळलं नाही, तर ती बिचारी वंशाच्या, म्हणजे जीनसच्या, नावाशी जुळवते आणि वंशाची ‘की’ परत करते. मग तुम्ही सातपुड्यातल्या एका दुर्मिळ घुबडाच्या नोंदी मागता आणि तुमच्या पुढ्यात युरोपातल्या शेतांवरची छोटी घुबडं, आपले वडापिंपळाच्या ढोलीतले साधे पिंगळे, सगळा गोतावळा येऊन पडतो. नाव कसं जुळलं ते सांगणारं ‘मॅच टाइप’ न वाचता ‘की’ उचलणारा कोड माझ्याकडे कोणी तपासायला दिला तर मी पुढे वाचतच नाही.

आता ते घुबड. रानपिंगळा. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होता तोच, त्याने १८७३ मध्ये याचं वर्णन केलं. आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्ल्युइट नावाच्या माणसाने मिळवलेल्या पक्ष्यावरून. म्हणून प्रजातीचं नाव ब्ल्युइटी. वंश ह्यूमने नवा केला, हेटरोग्लॉक्स. नंतर काहींनी त्याला अथेनी वंशात टाकलं, काहींनी परत काढलं, आणि डीएनए आल्यावर पुन्हा अथेनीकडे ढकललं. त्यामुळे दोन्ही नावांनी विचारावं, आणि कुठलं मान्य, कुठलं समानार्थी, हे उत्तरातल्या ‘स्टेटस’मध्ये वाचावं.

ह्यूमनंतर जेम्स डेव्हिडसन. मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी, खानदेशात नेमणूक, पक्ष्यांचा अट्टल संग्राहक. शहादा आणि तळोद्याच्या बाजूच्या जंगलांतून १८८० च्या दशकात त्याने रानपिंगळ्याचे काही नमुने मिळवले. हा साग असलेला कोरडा, विरळ मुलूख. पक्षी दिवसाढवळ्या बाहेर असतो, उघड्या फांदीवर बसून सरडे टिपतो. म्हणजे दिसायला अवघड म्हणावा असा नाही. तरी १८८४ नंतर त्याचा खात्रीचा ठावठिकाणा लागला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने, बाकी शंभराहून जास्त वर्षं शांतता.

शांततेत एकच आवाज होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीतज्ज्ञ. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर होतं: मांडवी, १९१४. मांडवी म्हणजे तापीकाठची, सुरत जिल्ह्यातली. सगळ्यांत अलीकडची नोंद तीच. साहजिकच शोधणाऱ्यांची नजर तिकडे गेली. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनी या पक्ष्याचा शोध घेतला. हाती काही लागलं नाही. पक्षी नामशेष झाला असावा असंच बहुतेकांनी धरलं.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ दक्षिण आशियातल्या पक्ष्यांचे जुने नमुने एकेक करून तपासत होती. माइनर्ट्‌झहागेनच्या संग्रहात काहीतरी काळंबेरं आहे ही कुजबूज जुनी होती. आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह त्याने १९५४ मध्ये ब्रिटिश संग्रहालयाला दिला होता आणि त्यातले पुष्कळ मुळात त्याच संग्रहालयातून ढापलेले होते. मांडवीच्या रानपिंगळ्याचे क्ष-किरण काढले, शिवण आणि भरणा पाहिला, तर हा नमुना आधी एकदा वेगळ्या हाताने भरलेला आणि नंतर उसवून पुन्हा भरलेला निघाला. मूळची कारागिरी डेव्हिडसनची. पक्षी खानदेशातला, चिठ्ठी मांडवीची. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सगळं पुराव्यानिशी छापलं. त्याआधीच, मांडवी यादीतून खोडून, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा धरून निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. दिवसा, उघड्या झाडावर. पुढे तो मेळघाटात, तोरणमाळला, यावलच्या बाजूला सापडत गेला; २०१४ मध्ये तर मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या तानसाच्या जंगलात.

ही गोष्ट पक्षीवाले एकमेकांना सांगतात तेव्हा चोर केंद्रस्थानी असतो. मला त्यातला रकाना दिसतो. समजा, ती मांडवीची चिठ्ठी जशीच्या तशी आजच्या साच्यात भरली. शास्त्रीय नाव बरोबर. बेसिस ऑफ रेकॉर्ड: जतन केलेला नमुना, आणि तो खरोखरच कपाटात आहे. वर्ष चार आकडी. देश भारत. ठिकाणाचं नाव नकाशावर सापडतं. गोळा करणाऱ्याचं पूर्ण नाव. जीबीआयएफ प्रत्येक नोंद तपासून तिच्यावर इशारे चिकटवते: निर्देशांक, म्हणजे अक्षांश-रेखांश, शून्य आहेत, ते दुसऱ्याच देशात पडतात, तारीख अशक्य आहे, नाव अंदाजाने जुळवलं आहे. मांडवीच्या नोंदीवर यातला एकही इशारा लागणार नाही.

आता शेजारी डेव्हिडसनची खरी नोंद ठेवा. निर्देशांक नाहीत, ते कुठून असणार? ठिकाण म्हणून ‘खानदेश’, फार तर शहादा. तारखेचा पत्ता बऱ्याचदा वर्षापुरताच. आणि डेटा साफ करायचा आपला नेहमीचा फिल्टर काय असतो? निर्देशांक असलेल्याच नोंदी घे, भौगोलिक इशारा नसलेल्या घे, पूर्ण तारीख असलेल्या घे. मांडवीला कोणी नकाशावरून निर्देशांक देऊन टाकले असतील तर या चाळणीतून ती अलगद खाली उतरते आणि खरा खानदेश कचऱ्यात जातो. चाळणी चोख चालली, कोडमध्ये एक बग नाही.

खोटं बेमालूम होण्याचं एक कारण भूगोलातही आहे. मांडवी आणि शहादा एकाच नदीच्या खोऱ्यात. प्रकाशाला, आमच्याकडे जिला दक्षिण काशी म्हणतात तिथे, जी तापी दिसते तीच पुढे मांडवीला जाते. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचं. जाणकाराने संशय घ्यावा असं त्या चिठ्ठीत काही नव्हतं. उलट त्रास देणारी वेगळीच गोष्ट होऊ शकली असती: मांडवी कच्छमध्येही आहे, मोठं बंदर, मांडवी मुंबईतही आहे, मशीद बंदराच्या बाजूला. ठिकाणाच्या नावावरून आपोआप निर्देशांक काढणाऱ्या प्रोग्रॅमला यातली कुठली द्यायची हे कळत नाही, तो एक देऊन टाकतो.

शहाद्याचीही गंमत कमी नाही. डेव्हिडसनच्या वेळी तो खानदेश जिल्हा. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम अशी फाळणी झाली, शहादा पश्चिमेत. पुढे पश्चिम खानदेशचा धुळे जिल्हा झाला. रासमुसेनला पक्षी दिसला तेव्हा, नोव्हेंबर १९९७ मध्ये, ती जागा धुळे जिल्ह्यात होती. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला आणि ती जागा नंदुरबारात गेली. झाड तेच, फांदी तीच. जिल्ह्याच्या रकान्यातल्या व्हॅल्यूवर विसंबून कोणी ‘नंदुरबारमध्ये रानपिंगळा कधीपासून’ असा तक्ता काढला तर १९९८ च्या आधीचं सगळं पुसलं जाईल. म्हणून मी जुन्या नोंदींसाठी जिल्हा हा फिल्टर वापरतच नाही. निर्देशांक असतील तर नकाशावर त्या भागाभोवती बहुभुज काढून आतल्या नोंदी घेते, नसतील तर लोकॅलिटी डोळ्यांनी वाचते. कंटाळवाणं काम आहे. रानपिंगळ्याच्या जुन्या नोंदी मूठभर, म्हणून परवडतं. कावळ्यासाठी कोणी करणार नाही.

नव्या नोंदींचा प्रश्न वेगळा. धोक्यातल्या प्रजातीची नेमकी जागा उघड करू नये म्हणून आयनॅचरलिस्ट ०.२ अंश बाय ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेतरी एक यादृच्छिक बिंदू दाखवतं. हे शहाणपणाचंच आहे. पण बिंदू नकाशावर इतर बिंदूंसारखाच दिसतो, सहा दशांश स्थळांसह, जणू कोणी झाडाला जीपीएस बांधून आलंय. तो खरा किती हे ‘कोऑर्डिनेट अनसर्टन्टी’ या फील्डमध्ये असतं, आणि तिथे आपल्या अक्षांशावर जवळपास तीस किलोमीटरचा आकडा दिसतो. मागे एका ओळखीच्या मुलाने, पक्ष्यांवर प्रकल्प करत होता, मला नकाशा पाठवला. रानपिंगळे उसाच्या शेतात.

“ताई, यांनी अधिवास बदलला की काय?”

“अनसर्टन्टीचा कॉलम घेतलायस का?”

“नाही, तो कशाला, मीटरमध्ये आहे.”

मीटरमध्ये असल्यामुळेच तो बघायचा, एवढं सांगून मी फोन ठेवला. पोरगा हुशार आहे, रात्री स्वतःच दुसरा नकाशा पाठवला. ऊस गेला होता.

मला राहून राहून वाटतं ते ‘ऑकरन्स स्टेटस’बद्दल. या फील्डला दोनच व्हॅल्यू: आढळला, आढळला नाही. रकाना रिकामा असला तर जीबीआयएफ आढळला असं धरते. दुसरी व्हॅल्यू फार थोड्या लोकांनी मनावर घेतली आहे. कारण उघड आहे. दिवसभर उन्हात फिरून काही न दिसल्याचा फोटो निघत नाही. पण गुजरातेत मांडवीच्या आसपास हा पक्षी शोधून हात हलवत परतलेल्या प्रत्येकाने ‘आढळला नाही’ अशी रीतसर नोंद, जागा आणि तारखेसकट, एका ठिकाणी टाकली असती, आणि कोणी ती १९१४ च्या एकुलत्या ‘आढळला’शेजारी मांडली असती, तर त्या चिठ्ठीबद्दलचा संशय दोनचार दशकं आधी आला असता असं मला वाटतं. वाटतं एवढंच. तेव्हा डेटाबेस नव्हता, आणि मेजर-कर्नल लोकांच्या चिठ्ठीवर संशय घ्यायची रीतही नव्हती.

एपीआयमधली माझी सगळ्यांत आवडती जागा म्हणजे ‘व्हर्बेटिम’. कुठल्याही नोंदीच्या पत्त्यापुढे हा शब्द जोडला की जीबीआयएफने अर्थ लावण्याआधीची, देणाऱ्याने पाठवलेली नोंद समोर येते. अर्थ लावलेल्या नोंदीत देशाचं नाव दोन अक्षरी कोड झालेलं असतं, तारीख एका साच्यात बसलेली असते, नाव मान्य नावावर नेलेलं असतं. मूळ नोंदीत ‘सातपुड्याच्या पायथ्याशी’ असं काहीतरी असतं, प्रश्नचिन्ह असतं, कंसात कोणीतरी घातलेली शंका असते. दोन्ही शेजारी छापणारं एक छोटं फंक्शन मी लिहून ठेवलं आहे. कुठल्याही संशयास्पद नोंदीवर ते आधी चालवते. पुष्कळदा १ जानेवारी या तारखेचा उलगडा तिथेच होतो: मुळात फक्त वर्ष असतं, महिना आणि दिवस वाटेत कुठल्यातरी सॉफ्टवेअरने चिकटवलेले असतात. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी एकोणिसाव्या शतकातले लोक इतके पक्षी मारत नव्हते.

पण व्हर्बेटिमही मांडवीपुढे हात टेकतं. चिठ्ठीवर मांडवीच लिहिलेलं होतं, त्यामुळे मूळ नोंद आणि अर्थ लावलेली नोंद यांत तफावत निघायची नाही. एकच माणूस एकाच आठवड्यात दोन लांबच्या जागी पक्षी मारतो का, हे ‘रेकॉर्डेड बाय’ आणि तारीख लावून तपासता येतं, आणि ते करण्यासारखंही आहे. पण त्यालाही माणसाचं नाव एकाच तऱ्हेने लिहिलेलं असावं लागतं. बाकी चोरी सापडली ती क्ष-किरणात आणि टाक्यांत. टाक्यांसाठी डार्विन कोअरमध्ये वेगळं फील्ड नाही.

‘गोळा करणारा खोटं बोलला’ यासाठीही नाही. असं काही उघड झालं तर संग्रहालयाचा माणूस ते लिहिणार कुठे? शेऱ्यात. ‘ऑकरन्स रिमार्क्स’ नावाचं मोकळं फील्ड आहे, त्यात एखादं वाक्य: ठिकाण अविश्वसनीय, अमुक संशोधन पाहा. त्यावर फॅसेट लावून काही निष्पन्न होत नाही, कारण प्रत्येक वाक्य वेगळं. आणि जीबीआयएफवरून डाउनलोड करताना बहुतेक जण जी साधी सीएसव्ही निवडतात, तिच्या पन्नास कॉलमांत शेरा येतच नाही. त्यासाठी डार्विन कोअर अर्काइव्ह हा मोठा पर्याय घ्यावा लागतो. झिप जड असते, आत तीनचार फायली निघतात, एक्सेलमध्ये उघडायला गेलं तर लॅपटॉप कण्हतो. मी तोच घेते. उघडल्यावर पहिल्यांदा शेऱ्याच्या कॉलममधल्या रिकाम्या नसलेल्या ओळी वेगळ्या काढते आणि त्या चहा घेत, एकेक करून, वाचून काढते.